सांभाळायला ठेवलेली सायकल

आमच्या जिन्याखाली ट्रंकांचे दोन मोडके पत्रे, घरमालकांची पाण्याची गळकी टाकी आणि कुमुदताईंची हिरवी सायकल, एवढी मंडळी राहायची. त्यातली सायकल मला सर्वांत जास्त ओळखते, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. हसू नका. चौदाव्या वर्षी घरात बोलायला कुणी नसलं की सायकलशीही ओळख होते.

घर दिल्लीच्या पहाडगंजात, स्टेशनच्या इतकं जवळ की गाड्यांची घोषणा करणारी बाई आमच्याच स्वयंपाकघरात उभी राहून बोलते आहे असं वाटायचं. कुठली गाडी किती तास उशिरा, हे आम्हाला प्रवाशांच्या आधी कळायचं. तळाला लोखंडी ट्रंकांच्या ठोक मालाचं दुकान होतं. सकाळी आठला पत्रा ठोकायला सुरुवात व्हायची आणि जेवणाच्या सुट्टीत तो आवाज थांबला की कानात उलट दडे बसायचे. पहिल्या मजल्यावर घरमालक, दुसऱ्यावर आम्ही, आणि गच्चीवर बरसाती. गच्चीवरच्या एकुलत्या एका खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. नाव गोड आहे, पण जूनमध्ये तिथे पापड वाळत घातला तर भाजून निघेल. त्या खोलीत कुमुदताई राहायच्या.

त्या वर्षी आई घरात नव्हती. मिरजेला आजोबांना अर्धांगवायू झाला आणि आई "महिन्याभरात येते गं" म्हणून गेली ती जवळजवळ तीन वर्षं तिकडेच राहिली. मामा आफ्रिकेत, मावशी सासरी अडकलेली, मग करणार कोण? तिची पत्रं यायची, त्यात माझ्या वेण्या, अण्णांचं पित्त आणि लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू नका, हे दरवेळी असायचं. अण्णा सरकारी कचेरीत होते. मुळातच कमी बोलणारे, आई गेल्यावर त्यांनी उरलेलं बोलणंही आवरून ठेवलं. त्यांना दोनच पदार्थ यायचे, पिठलं आणि मुगाची खिचडी. खिचडी पातळ झाली की ते "आज कढण केलंय" म्हणायचे आणि पिठलं घट्ट झालं की "वड्या पाड". एवढा त्यांचा विनोद. मी हसायचे, कारण हसलं नाही तर ताटात वाढायचा डावही ऐकू यायचा.

मराठी शाळा दोन गल्ल्या सोडून होती. दीडला सुटायची. गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेल्या किल्लीने मी कुलूप उघडायचे, सकाळची पोळी गुळाशी खायचे आणि मग सहापर्यंत मी आणि ती घोषणा करणारी बाई. वर्गातल्या मुलींच्या घरी जायचं तर त्यांच्या आया विचारायच्या, "आई आली का गं?" त्या प्रश्नाचा मला इतका राग यायचा की मी जाणंच सोडलं. एकटेपणा हा शब्द तेव्हा मला माहीत होता, निबंधात वापरलाही होता. पण दुपारी तीन वाजता आपणच आपल्याला "आता काय करायचं?" असं मोठ्याने विचारतो आणि दचकतो, त्याला तोच शब्द आहे हे कळायला वेळ लागला.

कुमुदताई टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, उंच, नाकात बारीक खडा. त्या दिल्लीच्या रस्त्यांवरून नऊवारी नव्हे, चांगली पाचवारी नेसून सायकल चालवायच्या, आणि साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची जाळी होती. सायकल विलायती, बायकांची, पुढचा दांडा खाली वळलेली. रंग गडद हिरवा, जागोजाग विटलेला, आणि सगळ्या नळ्यांवरून, मडगार्डवरून, चेनच्या बंद डब्यावरून एक सोनेरी बारीक रेघ फिरलेली. घंटी वाजली की आमच्या गल्लीतली कुत्री उठून बाजूला व्हायची. घरमालकीणबाई म्हणायच्या, "महाराष्ट्र की औरतें, भई, कमाल हैं!" त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

शुक्रवारी त्यांची सुट्टी असायची. त्या दिवशी शाळेतून आले की मी दप्तरासकट थेट जिन्याखाली. त्या सायकल उलटी करून बसलेल्या असायच्या आणि वर खोलीत थालीपिठांचं पीठ मळून ठेवलेलं असायचं. आधी काम, मग खाणं. आर्‍यांमधून कापड कसं फिरवायचं, छर्रे रॉकेलमध्ये धुवून वाटीत कसे ठेवायचे, तेलाचा एक थेंब कुठे आणि दोन कुठे, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. पाना हातात आला की माणसाला जोर दाखवायची हुक्की येते, मलाही यायची. एकदा मी एक नट असा आवळला की आट्या गेल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शैले, हाताने घट्ट होईल तेवढाच. मग पान्याने पाव फेरी. पाव म्हणजे पाव, तुझ्या मनाची अर्धी नव्हे." मग वर जाऊन कांद्याची थालीपिठं, लोण्याचा गोळा, आणि त्यांच्या टेबलावर फ्रेममधला एक कोवळ्या मिशीचा मुलगा. तो कोण, हे मी विचारलं नाही. मला वाटायचं, जुनं प्रेमप्रकरण असणार. त्या वयात दुसरं सुचतं काय?

त्यांची एक सवय होती. सायकलवर बसण्याआधी उजव्या हाताचा अंगठा त्या हँडलच्या मागच्या नळीवर एका जागी ठेवायच्या, क्षणभर, आणि मग पायडलवर पाय. रोज, न चुकता. मी समजले, धूळ आहे का बघतात. मग मी शुक्रवारी ती जागा मुद्दाम जास्त घासायचे. सोनेरी रेघ नेमकी तिथे वाकडी होती, जरा घसरून पुन्हा सरळ झालेली. मला ती एकच गोष्ट त्या सायकलीत आवडायची नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना बढती मिळाली आणि बदली गुवाहाटीला झाली, दोन वर्षांसाठी. बातमी सांगताना त्या थालीपीठ उलटत होत्या. मी म्हटलं, "वा! अभिनंदन!" आणि खाली येऊन मोरीत नळ सोडून रडले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं. सायकलला जुन्या चादरीचं शिवलेलं कव्हर घातलं होतं. म्हणाल्या, "ही तुला देत नाहीये, हं. सांभाळायला ठेवतेय. आठवड्याला चाकं फिरवायची, महिन्याला तेल, आणि पाण्यापासून लांब. चालव खुशाल, चालवली नाही तर आखडेल. पण मी येईन तेव्हा मला आहे तशी हवी. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं.

"अण्णांना सांगू, की तुलाच सांगू?"

"मलाच सांगा."

मला कुणी कधी काही सांभाळायला दिलं नव्हतं. आई लोणच्याच्या बरणीबद्दलसुद्धा अण्णांना लिहायची.

दीड वर्ष मी ती सायकल जिवापाड सांभाळली. शाळेतून आल्यावर आता दुपारला काम होतं. मी तिच्यावरून रीगल सिनेमापर्यंत जायचे, गोल डाकखान्याला वळसा घालायचे आणि घरी येऊन पुसून कव्हर घालायचे. खरं सांगायचं तर मनात एक घाणेरडी इच्छाही होती. कुमुदताई येऊच नयेत असं नाही, त्या हव्याच होत्या, पण आल्यावर त्यांनी म्हणावं, "शैले, किती छान ठेवलीस, आता ही तुझीच." हे वाक्य मी त्यांच्या आवाजात स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं की पुढे ते खरंच कानावर पडलं तेव्हा मी दचकलेच नाही.

मग ती उन्हाळ्याची सुट्टी आली. अण्णांनी मिरजेचं तिकीट काढलं, दीड महिना आईजवळ! मी इतकी हुरळले की दुसरं काही डोक्यात राहिलं नाही. निघायच्या सकाळी सायकलवर फेरी मारून आले, भिंतीला टेकवली, आणि टांग्यात बसले. कव्हर वर गच्चीवर वाळत होतं ते वरच राहिलं. अण्णांना चाकं फिरवायला सांगायचं, तेही राहिलं. मिरजेत आईच्या कुशीत झोपताना एकदाही आठवण झाली नाही. एकदाही नाही, हे आजही मला लिहायला जड जातं.

परत आले तर जिन्याखाली ओल. पहिल्या मजल्यावर घरमालकांनी नवा कूलर बसवला होता आणि त्याची पाण्याची नळी खिळ्यावरून सुटून, टप, टप, टप, सरळ सायकलच्या मागच्या मडगार्डवर. दीड महिना. तळहाताएवढा रंग फुगून पापुद्रे निघाले होते आणि खाली तांबडा गंज. मी तिथेच खाली बसले. अण्णा म्हणाले, "अगं, गंजच आहे, माणूस नाही गेलं." ते समजूत घालत होते, पण मला ते वाक्य फार लागलं. त्याच आठवड्यात कुमुदताईंचं कार्ड आलं. त्यांची आता नागपूरला बदली झाली होती, दसऱ्याच्या सुमारास बरसातीत ठेवून गेलेलं सामान न्यायला दोन दिवस दिल्लीला येणार होत्या. "सायकल मालगाडीने नेईन, तिला सांग तयार राहा."

चुना मंडीच्या तोंडाशी लतीफ चाचांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पाण्याची परात आणि भिंतीला टांगलेल्या ट्यूबा. दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्यांनी सायकल फिरवून बघितली, मडगार्डवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मिट्टी का तेल, मुलायम कपड़ा, और सब्र. रोज़ थोड़ा-थोड़ा. दाग़ रह जाएगा, जंग आगे नहीं बढ़ेगा."

"पर मुझे दाग़ भी नहीं चाहिए, चाचा. रंग लगा दो ना."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बिटिया, ये लकीर देखती हो? ये मशीन की नहीं, हाथ की है. इस पर रंग मैं नहीं लगाऊँगा. लगवाना है तो कहीं और जाओ."

मला वाटलं, म्हाताऱ्याला काम नको आहे. डाग ठेवून सायकल परत द्यायची? म्हणजे कुमुदताईंना पहिल्याच नजरेत कळणार, शैलाने सांभाळली नाही. मला ते काही केल्या कळू द्यायचं नव्हतं. मग मी खाऊचे साठवलेले सगळे पैसे घेतले आणि झंडेवालानला एका रंगाऱ्याकडे गेले. तो भला उत्साही माणूस. "एकदम नई कर दूँगा, बहनजी, दुल्हन!" मला कुणी बहनजी म्हटल्याचं ते पहिलंच. मी फुशारले. त्याने सायकल सोलली. काचपेपर मारून लोखंड उघडं केलं, भट्टीत भाजून पक्का करायचा चकचकीत हिरवा रंग चढवला आणि मडगार्डवर सोनेरी पट्ट्यांचे तयार कागद चिकटवले. आठ दिवसांनी आणायला गेले तर उन्हात डोळे दिपले. डाग नाही, ओरखडा नाही, वाकडी रेघ नाही. काय आनंद झाला मला! लतीफ चाचांच्या दुकानावरून येताना मी मुद्दाम घंटी वाजवली. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा परातीत ट्यूब बुडवली.

आज माझ्याकडे दिल्लीतल्याच द्वारकेच्या सोसायटीच्या तळघरात सहा जुन्या सायकली आहेत. सेक्रेटरी दर तीन महिन्यांनी नोटीस लावतात, "भंगार हटवा." मी ती काढून मागे किराण्याची यादी लिहिते. लोक माझ्याकडे आजोबांच्या सायकली घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, रिस्टोअर करायचीय." मी त्यांना चहा देते आणि म्हणते, डोंबलाचं रिस्टोअर! पुसा, तेल घाला, चालवा आणि रंगाला हात लावू नका. काहींना राग येतो. म्हातारी विक्षिप्त आहे, असं ते लिफ्टमध्ये बोलतात, आणि आमच्या लिफ्टमधलं सगळं खाली ऐकू येतं. असो.

कुमुदताई आल्या त्या दिवशी मी शिरा केला होता. माझा पहिला शिरा, जरा गिचका झाला होता. अण्णांनी स्टेशनवरून त्यांची वळकटी उचलून आणली. केस बरेच पांढरे झाले होते आणि त्या थकल्या होत्या, पण आल्या आल्या म्हणाल्या, "आधी ती दाखव." मी त्यांना जिन्याखाली नेलं. कव्हर धुऊन इस्त्री करून घातलं होतं. जादूच्या खेळात ओढतात तसं मी ते ओढलं.

मी वाट पाहत होते. मग त्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला आणि अंगठा त्या जागी ठेवला. तो तिथे थोडा मागे गेला, थोडा पुढे गेला. मग त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला, जसा आपण चुकून दुसऱ्याच्या ताटाला लागलेला हात पुसतो.

"छान दिसतेय गं," त्या म्हणाल्या. "खूप खर्च आला असेल तुला."

मी हुशारीने म्हटलं, "ती रेघ वाकडी होती ना तिथे, तीसुद्धा गेली!"

"हो. गेली खरी."

वर शिरा खाताना त्यांनी सांगितलं. रागाने नाही, उलट मला दुखू नये म्हणून हळूहळू. सायकल त्यांच्या भावाने, माधवने, इंदूरला एका परत निघालेल्या साहेबाच्या मडमेकडून घेतली होती. रंग उडालेला होता, त्याने स्वतः रंगवली, आणि मांजराच्या केसांच्या कुंचल्याने सगळ्या अंगभर रेघ ओढली. तीन दिवस श्वास रोखून. तिसऱ्या दिवशी शेवटच्या नळीवर कुमुदताईंनी मागून येऊन त्याला "भो" केलं. कुंचला घसरला. तो म्हणाला होता, आता ही कायम राहू दे, तुझी सही आहे ही. पुढच्या पावसाळ्यात टायफॉइडने तो गेला. फोटोतला कोवळ्या मिशीचा मुलगा तोच होता. मी शिऱ्याची ताटली बाजूला ठेवली.

"कुमुदताई, मला माहीत नव्हतं हो..."

"तुला कसं माहीत असणार? मी सांगितलंच नाही. चूक माझीच आहे."

त्यांनी चूक स्वतःवर घेतली, ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी तेव्हा कूलरचं, कव्हरचं, मिरजेचं सगळं ओकून टाकलं. त्यांनी ऐकलं, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं वेडे, गंज चालला असता मला."

दुसऱ्या दिवशी मालगाडीच्या हमालाने दोन ट्रंका आणि एक वळकटी नेली. सायकल जिन्याखालीच होती. मी धावत गेले, "ही राहिली." कुमुदताईंनी टांग्यात बसता बसता मागे वळून पाहिलं. "राहू दे, शैले. आता ती तुझीच." टांगा निघाला. मी मनात इतक्यांदा ऐकलेलं वाक्य ते हेच होतं.

त्यानंतरचे महिने कसे गेले, याबद्दल काय लिहू? बरसातीत एक नवविवाहित जोडपं आलं, दिवसभर त्यांचा ट्रान्झिस्टर वाजायचा. शुक्रवारी मी जिन्याखाली न वळता सरळ वर जायचे. सायकल मी चालवेना, बघेना. नागपूरला पत्र लिहायला बसायचे आणि "ती. कुमुदताईंस" च्या पुढे शाई वाळायची. शेवटी एके दिवशी लतीफ चाचाच गल्लीत भेटले. म्हणाले, "सुंदरी कहाँ है तेरी? बंद करके मार डालेगी क्या? जो हुआ सो हुआ. पूरी खोल के ला, ओवरहॉल सीख." त्यांनी "मैंने कहा था" म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मनोमन हात जोडते.

मी सायकल नेली. आम्ही एक एक भाग उघडत गेलो. सीटखालच्या नळीला पंप अडकवायची लोखंडी पट्टी होती, दोन स्क्रूंनी आणि नटांनी आवळलेली. त्या रंगाऱ्याने ती काढायचे कष्टच घेतले नव्हते, वरूनच रंग फासला होता. चाचांनी तेल सोडून अर्धा तास वाट पाहिली, मग स्क्रू हलला. पट्टी निघाली आणि खाली बोटभर रुंदीचा जुना, गडद हिरवा रंग, न विटलेला. आणि त्यावरून सरळ गेलेली, केसाएवढी, सोनेरी रेघ.

चाचांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "वाह रे कारीगर," ते म्हणाले. "जहाँ किसी को दिखना नहीं था, वहाँ भी पट्टी खोल के लकीर खींची है." मी रस्त्यात, भर बाजारात, ट्यूबांच्या परातीशेजारी बसून हुंदके देऊन रडले. माधवने पट्टी काढायचे कष्ट घेतले होते आणि रंगाऱ्याने घेतले नव्हते, म्हणून तेवढं वाचलं होतं.

त्या संध्याकाळी पत्र पूर्ण झालं. मी लिहिलं की थोडी रेघ आहे, मी ती बघितली, तुम्ही म्हणाल तर सायकल नागपूरला पोहोचवते, अण्णा सोडायला येतील. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. वर क्षेमकुशल, आईच्या येण्याची चौकशी, आणि खाली एवढंच: "पट्टी परत बसव. उघडून दाखवत फिरू नकोस, ऊन लागेल. मी आता येऊन बघणार नाही, बघितलं तर तिथून हलता येणार नाही मला. पण आहे हे कळलं, पुरे. तेवढं सांभाळ, शैले." या वेळी त्यांनी 'ते तुझं' असं लिहिलं नव्हतं. मी कार्ड दहा वेळा वाचलं आणि पट्टी परत बसवली. त्यांची माझी भेट पुन्हा झाली नाही.

आई आली, मी मोठी झाले, लग्न झालं, घरं बदलली, आमचे हे गेले. सायकल प्रत्येक घरात आली. वर्षातून एकदा, दसऱ्याला, मी पट्टी उघडते, बघते आणि लावून टाकते. आता गुडघे वाकत नाहीत आणि बोटांना स्क्रू सापडत नाही. गेल्या दसऱ्याला तर खाली बसले ती उठताच येईना, वॉचमनने उठवलं. तळघरात ट्यूबलाइट फडफडत होती आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. मरणाची नव्हे. माझ्यानंतर कुणीतरी हौशी माणूस येईल आणि म्हणेल, एकदम नवी करू.

तो हौशी माणूस माझ्याच पोटी जन्मला आहे. निखिल नोएडाला बाविसाव्या मजल्यावर राहतो, मला तिकडे चल म्हणून मागे लागलेला असतो. मागच्या रविवारी आला आणि तळघरात उभं राहून म्हणाला, "आई, यार, सहाच्या सहा नाही नेता येणार. एक ने. ही हिरवी घेऊ ना, मस्त रिस्टोअर करून भिंतीवर टांगू. बिल्कुल नवी दिसेल."

मी इतकी वर्षं त्याला काही सांगितलं नव्हतं. का, कुणास ठाऊक. कुमुदताईंनीही मला सांगितलं नव्हतं, आणि त्याचं काय झालं हे मला माहीत असून मी तेच करत आले होते. मी पिशवीतून पाना आणि स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या हातात दिला. "बस खाली. ती पंपाची पट्टी उघड."

"अभी? आत्ता?"

"आत्ता."

इस्त्रीची पँट सांभाळत तो बसला. स्क्रू काढेपर्यंत त्याचा फोन दोनदा वाजला, त्याने दोनदा बंद केला. पट्टी निघाली. त्याने मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, जिन्यापासून, टपटपणाऱ्या कूलरपासून, त्या अंगठ्यापर्यंत. त्याच्या वडिलांचे व्हायचे तसे त्याचे कान लाल झाले होते.

"एवढंच उरलंय?" त्याने विचारलं.

"एवढंच."

त्याने बोट पुढे केलं, पण रेघेला लावलं नाही. दिवा बंद केला. मग पट्टी उचलून, पँटलाच पुसून, जागेवर बसवली आणि पाना हातात धरून माझ्याकडे वर बघितलं.

"आई, किती आवळू?"

"हाताने घट्ट होईल तेवढीच," मी म्हटलं. "मग पान्याने पाव फेरी."